गाऱ्हाण्याचा पत्ता

“हो जागो कोणाचो?” आपाकाकानं विचारलं.

वरळीच्या ‘द ग्रँड अंबरीश’ हॉटेलच्या दारात तो उभा होता. धोतर, त्यावर काळा कोट, डोक्याला तांबडं मुंडासं, खांद्याला नारळांची पिशवी आणि हातात घाड्यांची काठी. ही काठी वरून पितळेची, खालून पितळेची, त्यामुळे दारातल्या यंत्राला ती शस्त्र वाटत होती. सिक्युरिटीवाल्यांचं म्हणणं, काठी आमच्याकडे द्या आणि यंत्रातून मोकळे या. आपाकाकाचं म्हणणं, काठी घाड्यांखेरीज कुणाच्या हातात जात नाही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण माझ्या कोटावरच्या बिल्ल्यावर ‘सर्वेश घाडी’ असं लिहिलेलं होतं.

मी दोन्ही हात पाठीमागे नेले.

शेवटी पाहुण्यांच्या बॅगा जातात त्या पट्ट्यावरून काठी एकटीच आत गेली. तिच्या पोटात काही सापडलं नाही. पण आपाकाका आत यायला तयार नव्हता. जागा कुणाची, तिचा राखणदार देव कोण, ते कळल्याशिवाय तो कुणाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही.

मी सांगितलं, कनोडियांची. तो म्हणाला, ते आत्ताचे, आधीचं सांग. आधी गिरणी होती. गिरणीच्या आधी? गिरणीच्या आधी समुद्र होता, असं मी ठोकून दिलं. मुंबईत कुठल्याही जागेबद्दल असं सांगितलं की कुणी वाद घालत नाही.

“म्हणजे राखणदार दर्यातलो,” तो समाधानानं म्हणाला आणि रस्त्यापलीकडच्या समुद्राकडे वळून त्यानं हात जोडले. मध्ये एक लांबलचक गाडी येऊन थांबली होती. तिच्या ड्रायव्हरनंही गोंधळून हात जोडले.

“आता पत्तो सांग. पुरो. पिनकोडसकट.”

पत्ता कशाला, असं मी विचारलं. उत्तर मिळालं की गाऱ्हाणं घालायचं आमच्या गावच्या, वेळसुऱ्याच्या रवळनाथाला, आणि रवळनाथ आजवर कणकवलीच्या पुढे गेलेला नाही. पत्ता अर्धवट दिला तर देव दादर-परळात फिरत बसेल. मी सगळा पत्ता सांगितला. रस्ता, जवळची खूण, पिनकोड. शाळेतली पोरं पाढे म्हणतात तसा तो डोळे मिटून पुटपुटत राहिला. मी सारखा मागे वळून लॉबीतलं घड्याळ बघत होतो. आपण कुणाला काय देतोय याचा मी तेव्हा विचार केला नाही.

आमचं घराणं घाड्यांचं. म्हणजे गावात देवाशी बोलायचा मान आमच्याकडे. जत्रेला, लग्नाला, कुणाच्या अडीअडचणीला नारळ ठेवायचा, काठी धरून देवापुढे उभं राहायचं आणि सगळ्यांच्या वतीनं जे हवं ते मोठ्यानं मागायचं. हेच गाऱ्हाणं. प्रत्येक मागणीला मागची माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. ज्याच्यासाठी मागणं असेल त्यानं ते सगळ्यात आधी म्हणायचं, नंतर इतरांनी. तोवर सगळे गप्प. अर्जदाराची सही व्हायच्या आत साक्षीदारांनी सही करू नये, तसा प्रकार.

ही सगळी माहिती मी हॉटेलात कुणाला दिलेली नव्हती. पण ग्रँड अंबरीशमध्ये ‘टाइड’ नावाचा नवा बार उघडणार होता. तिथे कोकमाचं, सोलकढीचं, काजूच्या बोंडाचं असं सगळं कॉकटेल मिळणार होतं, आणि उद्घाटनाच्या संध्याकाळी काहीतरी अस्सल हवं, अशी मालकीणबाईंची, मिसेस कनोडियांची, इच्छा होती. आमचे जनरल मॅनेजर सबरवालसाहेब यांनी फोनवर कुठल्या तरी गाऱ्हाण्याचा व्हिडिओ बघितला. त्यात खाली ‘घाडी’ असं लिहिलं होतं. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून माझ्या बिल्ल्याकडे बराच वेळ पाहिलं. नाकारण्यात अर्थ नव्हता.

मी तेव्हा इव्हेंट्स खात्यात प्रोबेशनवर होतो. प्रोबेशन दोनदा वाढवून झालेलं होतं, कारण माझं काम चांगलं की वाईट हे कुणाच्या लक्षात येत नव्हतं. सबरवालसाहेबांनी सरळ सांगितलं: ही संध्याकाळ पार पडली तर तू सोमवारपासून कायम. नाही पडली तर सोमवारी येऊ नकोस.

आपाकाका मुंबईला येणार नाही अशी माझी खात्री होती. मला मुंबईला पोचवायला तो आला नव्हता. स्वतःच्या डोळ्याच्या ऑपरेशनला आला नव्हता, डॉक्टरालाच कणकवलीला यायला लावलं होतं. मी फोन केला तो नकार घेऊन साहेबांना देण्यापुरता. तर तो म्हणाला, “येतंय.” बाकी काही विचारलंसुद्धा नाही.

त्या दिवसापासून मला झोप नव्हती. कारण सांगतो.

आपाकाकाचं गाऱ्हाणं लागतं. पंचक्रोशीत याबद्दल दुमत नाही. पण ते कॅरमच्या सोंगटीसारखं थोडं बाजूला लागतं. शाळेला पाणी मिळू दे असं त्यानं मागितलं, तर त्याच आठवड्यात सरकारी टँकर शाळेच्या कुंपणावर उलटला. दत्ता मेस्त्रीचं लग्न ठरू दे म्हणाला. मुलीकडचे बघायला आले, मुलीनं पसंती दिली, ती दत्ताच्या भावाला. शाळेला चांगला मास्तर दे म्हणाला. मास्तर इतका चांगला आला की निम्मी पोरं शाळा सोडून शेजारच्या गावात गेली. तेल्यांचा जयवंत सुरतेला जाऊन बसला होता, पत्र नाही, फोन नाही. त्याची आई रडत आली. आपाकाकानं मागितलं, जयवंताला परत धाड. महिन्याच्या आत जयवंत घरी आला. कारखान्याची अँब्युलन्स त्याला दारापर्यंत सोडून गेली. दोन्ही पाय प्लॅस्टरमध्ये. तो पुन्हा काही सुरतेला गेला नाही. आई नवस फेडायला पाच नारळ घेऊन आली. गावात हा किस्सा हसत सांगतात. मीही मित्रांत सांगायचो.

आणि दर जत्रेला आपाकाका शेवटचं मागणं माझ्यासाठी घालायचा. त्याला मूलबाळ नाही, माझे वडील गेलेले, म्हणजे काठी पुढे माझ्याकडे. “आमचो सर्वेश मुंबैत आसा, तेका परत धाड, तेच्या हातात काठी दे.” सगळं गाव म्हणायचं, व्हय म्हाराजा. मी तिथे असलो तर मला ते सगळ्यांच्या आधी म्हणावं लागलं असतं. म्हणून मी जत्रेला जायचं सोडून दिलं होतं. दर वर्षी त्याच आठवड्यात मला ताप यायचा. ऑफिसात त्याची रजाही मंजूर व्हायची.

थोडक्यात, त्या माणसाचं गाऱ्हाणं चांगलं झालं तरच माझी नोकरी राहणार होती. आणि ते चांगलं झालं तर मी गावाला जाणार होतो.

फोनवर मी त्याला सांगितलं होतं की बाकी काय वाटेल ते माग, माझं नाव काढू नको. त्याचं उत्तर असं की गाऱ्हाण्यात तोंडावर काय येतं ते त्याला आधी ठाऊक नसतं.

दुपारी त्याला खोलीत आराम करायला सांगून मी सजावट बघायला गेलो. परत आलो तर तो खोलीत नाही. जत्रेच्या आधी घाडी घरोघर जाऊन विचारतो, कुणाचं काय सांगणं आहे का. हॉटेल हे त्यानं एक मोठं घर धरलं होतं. लाँड्रीत गेला, किचनमध्ये गेला, लिफ्टची वाट बघणाऱ्या पोरींना विचारलं, स्विमिंग पूलच्या कडेला पालथ्या पडलेल्या एका जर्मन बाईलाही विचारलं. तिनं काय सांगितलं ते कुणाला कळलं नाही, पण बराच वेळ सांगितलं म्हणे.

आमच्या हॉटेलात अडचण दिसू द्यायची नाही असं शिकवलेलं असतं. चेहरा हसरा, दात आठ दिसले पाहिजेत. त्यामुळे बहुतेकांना असं कुणी आजवर विचारलेलंच नव्हतं. मी त्याला शोधत खाली उतरलो तेव्हा सर्व्हिस लिफ्टच्या बाहेर चक्क रांग होती. आपाकाका एका उलट्या क्रेटवर बसून एकेकाचं ऐकत होता.

नव्या बारचा प्रमुख लिओ मिनेझिस रांगेत पहिला होता. हा वेंगुर्ल्याच्या खालचा, त्यामुळे त्याला आपाकाकाची भाषा येत होती. त्याचं सांगणं बर्फाबद्दल होतं. बर्फाचं यंत्र जुनं, चौकोनी तुकडे द्यायच्या ऐवजी चुरा देतं, चुऱ्यात कॉकटेलचं पाणी होतं, आणि नवीन यंत्र कुणी घेत नाही. हे सांगताना त्याचे डोळे भरून आले. मी त्याला कधी बायकोबद्दल इतक्या मायेनं बोलताना ऐकलं नव्हतं.

आपाकाकाला घेऊन मी निघालो, तेवढ्यात सबरवालसाहेब समोर आले. त्यांनी हात पुढे केला. आपाकाकानं तो धरून ठेवला आणि हिंदीत विचारलं, “साब, आपका कुछ सांगणा है?”

मी साहेबांना समजावायला तोंड उघडलं. पण त्यांना ते भाषांतराशिवायच समजलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आम्हाला केबिनमध्ये घेतलं आणि दार लावलं. मिसेस कनोडियांचा भाचा सिंगापूरहून येतो आहे, हॉटेल चालवायचा कोर्स करून. आजची संध्याकाळ बिघडायचीच कनोडिया मंडळी वाट बघताहेत. “मेरी कुर्सी हिल रही है, बाबाजी,” साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी बजावलं की तू हे ऐकलेलं नाहीस. मी विचारलं, काय ऐकलेलं नाही? ते म्हणाले, गुड.

आपाकाकानं त्यांना शिकवलं की तुमचं सांगणं आलं की सगळ्यांच्या आधी तुम्ही व्हय म्हाराजा म्हणायचं. साहेबांनी ते तीनदा म्हणून बघितलं.

बाहेर आल्यावर साहेबांनी मला एकट्याला गाठलं. परदेशी पाहुणे खूप आहेत, तेव्हा गाऱ्हाणं चालू असताना शेजारी उभं राहून माइकवर प्रत्येक ओळीचं इंग्रजी तू करायचं. हे त्यांना आत्ताच सुचलं होतं. मी म्हटलं, ओळ कुठली येईल ते आधी माहीत नसतं. ते म्हणाले, दॅट इज द ब्यूटी.

संध्याकाळी ‘टाइड’ भरून गेला. काचेपलीकडे समुद्र, अलीकडे दोनशे माणसं, कोपऱ्यात एक सतारवाला, मध्ये केळीच्या खांबांवर गुंडाळलेले निळे दिवे. पाहुण्यांच्या हातात ग्लास दिले जात होते. प्रत्येक ग्लासाखालच्या गोल कागदावर छापलं होतं: ‘होय महाराजा’, आणि खाली इंग्रजीत ते कसं म्हणायचं. मिसेस कनोडिया पुढच्या सोफ्यावर, हिरव्या पैठणीत. त्यांनी ग्लास ओठांशी नेला, तोच आपाकाकानं काठी जमिनीवर आपटली.

राखणदाराचा वाटा निघाल्याशिवाय कुणी पिऊ नये, असं त्याचं म्हणणं. मी ते इंग्रजीत सांगितलं. दोनशे ग्लास खाली आले. लिओनं बारमागून माझ्याकडे बघून हवेत बोटांनी चुरा करून दाखवला. म्हणजे बर्फ. त्याच्या हिशेबानं आमच्याकडे फार वेळ नव्हता.

आपाकाकानं पहिला ग्लास मागून घेतला. सोलकढीचं कॉकटेल, काठाला मीठ-मिरची, वर कागदी छत्री. राखणदाराला सोबत बिडी लागते. हॉटेलात बिडी नव्हती. लिओनं लाउंजमधून एक जाडजूड सिगार आणून दिली. आपाकाकानं ती उलटसुलट करून बघितली, वास घेतला आणि केळीच्या पानावर ग्लासाशेजारी ठेवली. मग नारळ ठेवला, काठी दोन्ही हातांनी धरली आणि डोळे मिटले. मी माइक सुरू केला.

“बा देवा रवळनाथा, बारा वेशीच्या म्हाराजा,” त्यानं सुरुवात केली. आवाज असा लागला की सतारवाल्यानं सतार बाजूला ठेवली.

पहिल्यांदा त्यानं देवाला पत्ता सांगितला. रस्ता, खूण, पिनकोड, सगळं बरोबर. मी भाषांतर केलं की काका देवाला समुद्राच्या या सुंदर किनाऱ्यावर येण्याचं आमंत्रण देत आहेत. दोनशे माणसं म्हणाली, होय महाराजा. ठीक चाललं होतं.

मग त्यानं लाँड्रीतल्या बायकांच्या कंबरा घेतल्या. उभ्यानं इस्त्री करून त्यांच्या कंबरेचे काटे ढिले झालेत, तेंका बसाक जागो दे रे म्हाराजा. मी इंग्रजीत म्हणालो, सर्व स्त्रियांना मानाचं आसन मिळो. मिसेस कनोडियांनी टाळ्या वाजवल्या. मग बर्फाचं यंत्र आलं. मी म्हणालो, सर्वांच्या मनाला शीतलता लाभो. लिओ सगळ्यांच्या आधी व्हय म्हाराजा म्हणाला आणि मग बारच्या खाली वाकला. त्याचे खांदे हलताना मला दिसत होते.

“आणि ह्यो जो थोरलो सायब आसा, ह्येची खुर्ची हलता. मालकिणीचो भाचो ती ओढूक बघता. ती खुर्ची घट कर रे म्हाराजा.”

सबरवालसाहेबांना मधले शब्द कळले नाहीत, पण ‘सायब’ आणि ‘खुर्ची’ हे दोन कळले. त्यांचा चेहरा केळीच्या पानासारखा झाला. मालकीणबाई माझ्याकडे बघत होत्या. माझ्या तोंडून इंग्रजीत निघालं ते असं: या वास्तूचा पाया भक्कम राहो, बाहेरून येणाऱ्या कुठल्याही वादळानं तो न हलो.

“होय महाराजा,” साहेब ओरडले. मालकीणबाई त्यांच्या पाठोपाठ.

यानंतर त्यानं जर्मन बाईचं घेतलं. ती काय म्हणाली ते त्याला कळलेलं नव्हतं, तेव्हा त्यानं देवाला सांगितलं की बाई बरंच काही म्हणाली, तू समजून घे. मी हे जसंच्या तसं भाषांतर केलं. संध्याकाळचं ते एकमेव खरं भाषांतर. बाई मागच्या रांगेत होती. ती रडायला लागली.

काचेतून दिसणारा समुद्र आता काळपट झाला होता. ग्लासांच्या तळाशी पाणी दिसत होतं. लिओनं मला हातानं आवरतं घ्यायची खूण केली. मी आपाकाकाच्या कोटाची बाही हळूच ओढली. त्यानं डोळे उघडले, माझ्याकडे नीट बघितलं आणि पुन्हा मिटले.

“बा देवा, आता शेवटचा सांगणा.”

होय महाराजा, म्हणाली दोनशे माणसं.

“माज्या भावाचो झील हयसर माज्या बाजूक उभो आसा.”

भावाचा झील, म्हणजे मुलगा, म्हणजे मीच. मी माइकवर सांगितलं की आता काका जागतिक शांततेकडे वळत आहेत. लिओ बारमागे सरळ उभा राहिला. त्याला कळलं होतं.

“ह्येच्यासाठी मी वर्सान वर्सा तुज्याकडे एकच मागलंय. ता मागणा मी आज मागे घेतंय.”

मी तोंड उघडलं होतं ते शांततेबद्दलच काहीतरी म्हणायला. ते उघडंच राहिलं.

“तू ह्येका परत धाडू नको रे म्हाराजा. ह्येच्या हातापायाक हात लावू नको. ह्येका हयसरच, ह्याच पत्त्यार, धडधाकट कायम कर.”

आणि तो थांबला. पाहुणे इंग्रजीची वाट बघत होते. आपाकाका माझी वाट बघत होता, कारण सांगणं माझं होतं आणि पहिलं उत्तर माझं. सबरवालसाहेब ओठ न हलवता ‘ट्रान्सलेट’ म्हणाले. लिओ हसत नव्हता. मला पाहिजे तेच त्यानं मागितलं होतं. रोज बसमध्ये उभ्यानं मी स्वतः तेच मागत होतो. होय म्हणायला काही हरकत नव्हती. पण माझ्या डोक्यात नको ती गोष्ट येत होती: मी हो म्हटलं की आपल्याला परत मागणारं माणूस जगात कुणी राहणार नाही.

कुणाच्या तरी ग्लासात उरलासुरला बर्फ किणकिणला.

मी माइक तोंडाशी नेला आणि म्हणालो, “व्हय म्हाराजा.”

आवाज जरा मोठाच आला. माइकचा दोष. लोकांना ते भाषांतरच वाटलं. त्यांनी आपापले कागद बघून जोरात साथ दिली, आणि सगळ्यात मोठ्यानं मिसेस कनोडियांनी. म्हणजे एच.आर.च्या आधी मालकिणीनं मला कायम केलं, आणि तिला ते माहीत नव्हतं.

नारळ फुटला. सगळ्यांनी पातळ झालेलं कॉकटेल पिऊन ते किती हलकं आणि वेगळं आहे असं एकमेकांना सांगितलं. लिओनं ती स्तुती मान खाली घालून ऐकली.

राखणदाराचा वाटा वेशीवर ठेवायचा असतो. आत जेवणं सुरू झाली तेव्हा आपाकाका ग्लास आणि सिगार घेऊन फाटकाकडे निघाला. मी त्याच्या मागे. फाटकाच्या खांबाशी त्यानं पान मांडलं, छत्री सरळ केली आणि कठड्यावर बसला.

मी विचारलं की हे मागे घ्यायचं होतं तर फोनवर सांगायचं होतंस.

“देव फोनार नसता,” तो म्हणाला. मग काठी गुडघ्यांवर आडवी ठेवून म्हणाला, “दिलेला सांगणा मागे घेवचा तर जेच्यासाठी दिला तेका बाजूक उभो करूचो लागता. तू येतंस खंय? तुका ताप येता.”

मी त्याच्या शेजारी कठड्यावर बसलो.

“माजा सांगणा कसा लागता तुका ठाऊक आसा. तेल्याचो जयवंत इलो मा परत. मी बोलावलंय म्हणान इलो. कसो इलो?” त्यानं काठी गुडघ्यांवर फिरवली. “तेची आवस नारळ घेवन इली नवस फेडूक. तवाधरना फोन वाजलो की माका वाटता, आता तुका अँब्युलन्स घेवन येतली. जत्रेक गाव सगळो व्हय म्हाराजा म्हणता, आणि मी मनातल्या मनात म्हणतंय, नको.”

गावात सगळे हसत सांगतात तो किस्सा. आपाकाकाला मी तो कधी सांगताना ऐकलं नव्हतं, हे मला तिथे बसल्यावर लक्षात आलं.

काठीचं काय करणार, असं मी विचारलं. तो म्हणाला, देवळात ठेवणार, देवाची आहे, देव बघून घेईल. मग त्यानं लिओच्या कॉकटेलची चौकशी केली. मी ग्लास आणून दिला. त्यानं एक घोट घेतला आणि ग्लास राखणदाराच्या ग्लासाशेजारी ठेवून दिला.

“सोलकढीन ह्येंचा काय वाकडा केलेला?” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तो गेला. काठी त्यानं खिडकीकडे उभी धरली होती. ती गाडीत चढवताना मी हात पुढे केला, तर त्यानं मान हलवून नको म्हटलं.

मग एकेक लागायला लागलं. लाँड्रीतल्या बायकांना बसायला जागा मिळाली: लाँड्रीच बंद झाली आणि त्यांना रिसेप्शनमागे फोन घ्यायला बसवलं. लिओचं बर्फाचं यंत्र एका संध्याकाळी पेटलं, विम्यातून नवीन आलं. सबरवालसाहेबांची कंबर धरली. डॉक्टरांनी त्यांना न फिरणारी, न झुकणारी, जमिनीला बोल्ट मारलेली खुर्ची करून दिली. नोकरीही राहिली. भाचा सिंगापूरलाच रमला. आणि मी सोमवारी कायम झालो.

फक्त खातं बदललं. मिसेस कनोडियांना ती संध्याकाळ इतकी आवडली की हे दर शुक्रवारी झालं पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. सबरवालसाहेबांनी आपाकाकाला फोन लावला. तो म्हणाला, दर शुक्रवारी मागण्याइतकी देवाची माझी ओळख नाही. साहेबांनी फोन ठेवला आणि बोल्ट मारलेल्या खुर्चीतून माझ्या बिल्ल्याकडे बराच वेळ पाहिलं.

याला आता काही वर्षं झाली. दर शुक्रवारी सूर्य बुडताना ‘टाइड’मध्ये मी तांबडं मुंडासं बांधून उभा राहतो. काठी हॉटेलच्या मेंटेनन्सवाल्यांनी केली आहे. तिची मूठ टॉवेल अडकवायच्या दांडीची आहे. पहिला ग्लास आणि सिगार मी फाटकाच्या खांबाशी नेऊन ठेवतो, मागून पाहुणे फोटो काढत येतात. आधी दुपारी मी मजल्यामजल्यांवरून फिरतो आणि कुणाचं काही सांगणं आहे का विचारतो. हे साहेबांनी सांगितलेलं नाही. नुसतं उभं राहून काय मागायचं ते मला सुचेना, म्हणून सुरू केलं.

पहिला शुक्रवार झाला त्या संध्याकाळी मुंडासं न सोडताच मी आपाकाकाला फोन केला. म्हटलं, मागणं मागे घेतलंस आणि तरी काठी हातात आलीच. एवढी वर्षं मागितलंस ते लागलं, फक्त जागा चुकली.

पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला. हसत असावा. मग त्यानं विचारलं, लोक व्हय म्हाराजा म्हणतात का. मी म्हटलं, म्हणतात. मोठ्यानं? मोठ्यानं.

“मगे जागो खंय चुकलो?” तो म्हणाला. “पत्तो तूच दिलंस.”

आणि फोन ठेवायच्या आधी त्यानं पिनकोड पुन्हा एकदा विचारून घेतला.